प्लिकर्सची कार्डं: जून ते फेब्रुवारीच्या वापरानंतर

तासगाव तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग. कहूटसारख्या ऑनलाइन प्रश्नमंजुषेच्या खेळाला मुलांच्या हातात मोबाइल किंवा टॅब लागतो. प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या अ‍ॅपला फोन लागतो तो फक्त शिक्षकाचा. मुलांकडे छापील कार्ड. त्याच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा; कार्डं ओळखून अ‍ॅप प्रत्येकाचं उत्तर नोंदवतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही साधत नाही.

४० कार्डांचा संच मोफत मिळतो. छपाई जाड कार्डशीटवर करावी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की काळा करडा होतो आणि कार्ड ओळखलं जात नाही. चकचकीत लॅमिनेशन तर नकोच. उजेड चमकला की नक्षीचा तेवढा भाग कॅमेऱ्याला पांढरा दिसतो, मॅट चालतं. खिडकी मुलांच्या पाठीमागे असली तर उलट कार्ड अंधारं दिसतं आणि तेव्हाही ओळखलं जात नाही. उरलेल्या बहुतेक चुका बोटांच्या. काळ्या भागावर अंगठा आला की कार्ड गायब! पांढऱ्या कडेला धरायची सवय लागायला आठवडा जातो.

मोफत खात्यात एका संचात ५ प्रश्न बसतात. तेवढे पुरे. प्रश्न मराठीत टंकता येतात. टीव्ही नसेल तर फळ्यावर लिहावेत.

खरी कमाई अशा प्रश्नांत: मोठी संख्या कोणती, ०.५ की ०.३५? बरीच मुलं ३५ पाहून ०.३५ ची बाजू वर करतात. तेव्हा बरोबर उत्तर लगेच दाखवायचं नाही. बाकावरच्या जोडीला दोन मिनिटं वाद घालू द्यायचा, ०.५ म्हणजे ०.५० हे त्यांच्यातूनच निघू द्यायचं आणि पुन्हा कार्डं वर. शिष्यवृत्तीच्या तयारीलाही चार पर्याय सोयीचे.

गुणफलकाबाबत मात्र हात आखडताच बरा. वैयक्तिक क्रमवारी लावली की वरची चार नावं महिनोन्‌महिने तीच राहतात आणि खालची मुलं कार्ड कसंही धरू लागतात. म्हणून चार-पाच जणांचे गट करावेत. गैरहजेरीने गट लहान-मोठे होतात, तेव्हा बेरीज न धरता सरासरी धरावी. मागच्या वेळेपेक्षा सरासरी वाढली तर एक जादा गुण. वेगाला गुण शून्य. कहूटमध्ये झटपट उत्तराला जास्त गुण मिळतात, तिथे सावकाश वाचणारं पोर अंदाजपंचे बोट टेकवतं. शनिवारी सकाळची शाळा सुटताना फलक पुसायचा. खाऊ, पेन्सिली बक्षीस ठेवू नयेत, नाहीतर 'आज काय मिळणार?' हाच पहिला प्रश्न होतो.

कार्ड क्रमांक हजेरीपटाशी जुळवावा, पण शेवटची दहा कार्डं कुणाच्याही नावावर न लावता राखावीत. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर मुलं येतात. त्यांना तीच द्यायची. आठवड्याला फलक पुसला जात असल्याने त्यांचा गट मागे पडलेला नसतो.