निकॉन डी७५०० : माळरानावर भारी, मांडवात जपून

मिड-रेंज डीएसएलआर सेकंड हँड घ्यायचा म्हटलं की डी७२०० घ्यावा की डी७५००, हा प्रश्न येतोच. नंबर मोठा म्हणजे कॅमेरा पुढचा, या हिशोबाने डी७५०० ला जास्त पैसे मोजणारे बरेच असतात. तो पुढचा आहे यात वाद नाही, पण काही बाबतींत निकॉनने त्याला मुद्दाम मागे ठेवलंय आणि त्या बाबी विकत घेतल्यावरच लक्षात येतात.

२०१७ साली आलेल्या या बॉडीत थोरल्या डी५०० चा २०.९ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि एक्स्पीड ५ प्रोसेसर आहे. डी७२०० चे २४.२ मेगापिक्सेल ऐकून हा कमी वाटतो, पण १२ बाय १८ इंची प्रिंटमध्ये फरक शोधून दाखवा. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ६४०० पर्यंत बिनधास्त वापरावा, १२८०० ला फोटोतल्या दाण्यांची (नॉइजची) थोडी सफाई करावी लागते. १६ लाख ४० हजारांचा जो आकडा खोक्यावर मिरवतो, तो फक्त मिरवण्यापुरताच.

खरी मजा सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर. माळढोक दिसेल या भरवशावर तिथे जाऊ नये, पण काळवीट, चंडोल, धाविक यांच्यासाठी हा कॅमेरा हातात असावा. सेकंदाला ८ फ्रेम आणि १४ बिट लॉसलेस रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) सलग ५० फोटो, म्हणजे काळवीट उधळलं तर सहा सेकंदांहून जास्त वेळ बोट दाबून ठेवता येतं. डी७२०० सेकंदाला ६ फ्रेमने १८ रॉ काढतो आणि तिसऱ्या सेकंदाला धापा टाकतो. नेमका शेवटचा उंच उडीचा फोटो तिथेच हुकतो. फोकस पॉइंट दोघांतही ५१ आहेत, त्यातले १५ क्रॉस टाइप (आडवे-उभे दोन्ही तपशील पकडणारे) आणि ते सगळे मधल्या भागात. त्यामुळे धावत्या जनावराला फ्रेमच्या मधोमध धरायचं आणि क्रॉप नंतर करायचा. कडेचे पॉइंट उजेड कमी झाला की डळमळतात. सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे दीडपट क्रॉपचा, त्यामुळे २००-५०० लेन्स ७५० मिमीसारखी चालते. ऊन तापल्यावर मात्र जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबचा प्रत्येक फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. लोक तेव्हा लेन्सला शिव्या देतात. लेन्सचा काही दोष नसतो, सकाळी लवकर जायला हवं, एवढंच.

लांब लेन्सवर फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर दुकानात धावू नका, या बॉडीत ऑटो फाइन-ट्यून आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट लावा, समोर छापील कागद सरळ उभा करा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. लाइव्ह व्ह्यूमध्ये मधला पॉइंट घेऊन एएफ-एसवर (एकदा फोकस करून थांबणाऱ्या मोडवर) फोकस करा, स्क्रीनवर मोठं करून तो खात्रीने बसलाय का पाहा. मग फोकस मोडचं बटण आणि व्हिडिओचं लाल बटण एकदम दोन सेकंदांहून जास्त दाबून ठेवा. दुरुस्तीचा आकडा उणे २० ते अधिक २० मध्ये येतो. एकदाच करून मोकळं होऊ नका. चार वेळा करा आणि मधला आकडा हाताने टाका, कारण प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा निघतो. झूम लेन्सला एकच आकडा ठेवता येतो, तेव्हा जी फोकल लेंथ जास्त वापरता तिच्यावरच करा.

सोलापूरच्या गड्डा यात्रेत या कॅमेऱ्याचे गुण आणि खोड दोन्ही एकाच दिवसात दिसतात. नंदीध्वजाच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या, मिरवणुकीत पांढरीशुभ्र बाराबंदी (पारंपरिक अंगरखा), जानेवारीचं कडक ऊन आणि मागे सावलीतली गर्दी. अख्ख्या फ्रेमचा उजेड मोजणारं मॅट्रिक्स मीटरिंग गर्दीचा काळोख भरून काढायला जातं आणि बाराबंदीचे हायलाइट (उजळ भाग) जळतात, कापडाच्या चुण्यासुद्धा उरत नाहीत. इथे उजळ भाग सांभाळणारं हायलाइट-वेटेड मीटरिंग लावावं. स्क्रीनवर फोटो अंधारा दिसेल, दिसू द्या. रॉमध्ये काढलाय तर आयएसओ १०० ला दोन स्टॉपपर्यंत, म्हणजे चौपट, सावली उचलली तरी दाणे जवळजवळ दिसत नाहीत. यात्रेतल्या अक्षता सोहळ्यात सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा तांदूळ हवेत थांबवायचे असतील तर शटर १/१००० च्या खाली आणू नका.

खोड आहे ती स्क्रीनची. ती वर-खाली झुकते, बाजूला उघडत नाही. गर्दीत हात उंच करून आडवा फोटो छान निघतो, पण काठीच्या उंचीसाठी कॅमेरा उभा धरला की तो झुकाव काही कामाचा राहत नाही. त्यात लाइव्ह व्ह्यूचा फोकस कॉन्ट्रास्टवर चालतो. तो पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो, तोवर काठी निघून गेलेली असते. म्हणून हात वर करायचा असेल तर आधी डोळ्याने व्ह्यूफाइंडरमधून तेवढ्याच अंतरावर फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, एफ/८ ठेवा आणि मग हात वर करा. होम मैदानावरच्या दारूकामाला हीच पद्धत: मॅन्युअल फोकस, आयएसओ १००, एफ/११, तीन-चार सेकंद, ट्रायपॉड आणि व्हीआर (लेन्समधली थरथर रोखणारी सोय) बंद. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद ठेवा, नाहीतर चार सेकंदांच्या फोटोमागे आणखी चार सेकंद कॅमेरा गप्प बसतो.

आता लग्न. इथे डी७५०० ला मुख्य कॅमेरा म्हणून घेऊ नये, असं स्पष्ट मत आहे. कारण एकच, पण मोठं: कार्डाचा स्लॉट एकच. डी७२०० ला दोन आहेत, दोन्हीत एकदम फोटो लिहिले जातात. अक्षता पुन्हा टाकायला लावता येत नाहीत, आणि कार्ड बिघडलं तर वधूपित्यासमोर कुठलंही स्पष्टीकरण चालत नाही. तरी हाच वापरायचा झाला तर १२८ जीबीचं एक कार्ड टाकून दिवसभर फिरू नका. ३२ जीबीची चार घ्या. हळद, सीमांतपूजन, अक्षता, रिसेप्शन, प्रत्येकाला वेगळं. एक रॉ साधारण २४ एमबीचा, त्यामुळे एका कार्डात हजारभर सहज मावतात. निघालेलं कार्ड त्याच बॅगेत ठेवू नका, हेही ओघाने आलंच. उभ्या फोटोंसाठी बॅटरी ग्रिप हवी असेल तर निकॉनने तिची सोयच ठेवलेली नाही, बॉडीखाली कॉन्टॅक्ट नाहीत.

मंगल कार्यालयातल्या एलईडी पॅनलमुळे एक फोटो पिवळट, पुढचा काळपट, किंवा फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/१०० ठेवा किंवा फोटो शूटिंग मेनूत फ्लिकर रिडक्शन चालू करा. ते चालू असताना बर्स्टचा (सलग फोटोंचा) वेग घटतो, पण लग्नात त्या वेगाची गरजही नसते.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. ४के आहे, पण त्यात आधीच्या क्रॉपवर आणखी दीडपट क्रॉप पडतो. १८-१४० किट लेन्सचं १८ मिमी फुल फ्रेमच्या हिशोबाने ४० मिमीच्या आसपास जातं, म्हणजे छोट्या हॉलमध्ये अख्खं स्टेज येत नाही. फुल एचडीला ही अडचण नाही. माइक आणि हेडफोन दोन्हींची जागा आहे. चालत्या माणसावर फोकस टिकवायची अपेक्षा ठेवू नका. व्हिडिओ हेच मुख्य काम असेल तर मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा बघा.

जुन्या लेन्सचा मोह असणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. फोकस मोटर बॉडीत आहे, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी सारखी स्वस्त लेन्स आपोआप फोकस होते. पण घरातली जुनी मॅन्युअल एआय लेन्स (निकॉनच्याच जुन्या प्रकारातली) लावली तर मीटर चालत नाही, कारण लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला कळवणारी दांडीच काढून टाकलीय. डी७२०० वर चालतं. किती वाचले असतील निकॉनचे त्यात, देव जाणे.

सोलापूरची धूळ आणि उन्हाळा वेगळा विषय. मॅन्युअलमध्ये चालण्याचं तापमान ० ते ४० अंश दिलंय आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा त्याच्या वर असतो. काळी बॉडी उन्हात टेबलावर ठेवू नका, एक पांढरा टॉवेल वर टाका, तो तर इथे घरोघरी आहे. बॉडीला सीलिंग आहे, पण लेन्स बदलताना त्याचा उपयोग शून्य. कॅमेरा बंद करा, माउंट जमिनीकडे धरा, वाऱ्याकडे पाठ करा. बॅटरी कंपनीच्या हिशोबाने ९५० फोटोंची, पण यूएसबीने चार्ज होत नाही, तेव्हा दुसरी बॅटरी हवीच.

सेकंड हँड बघताना आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो आउट ऑफ फोकस करून एफ/१६ ला काढा. बारीक काळे ठिपके धुळीचे असतात आणि ते निघतात, पण कशानेही न हलणारा ओरखडा दिसला तर सौदा सोडा. ताज्या जेपीईजी फाइलची एक्झिफ (फोटोसोबत साठवलेली) माहिती मोबाइलवर उघडून शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालंय, ते बघा, शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे. लग्नाच्या कामातला कॅमेरा असेल तर लाखाच्या वरचा आकडा निघू शकतो, त्यानुसार भाव पाडा. डी लेन्स लावून मोटर ऐका, फ्लॅश उघडून दोन-तीनदा उडवा, कार्ड पाच-सहा वेळा आत-बाहेर करा आणि ग्रिपचं रबर अंगठ्याने दाबून बघा. उन्हाने सुटलेलं रबर चिकटवून विकतात, कडेला बोट फिरवलं की कळतं.