ज्युनियर 60 चं किट: सोलापूरच्या उन्हात

आधी निकाल सांगतो, मग कारणं. ज्युनियर 60 या घरी बांधायच्या, रेडिओवर उडणाऱ्या छोट्या विमानाचं किट घ्या. पण बॉक्ससोबत विक्रेता सांगाड्यावर इस्त्रीनं चिकटवायची जी प्लॅस्टिक फिल्म गळ्यात मारतो, ती घेऊ नका. निदान सोलापुरात राहत असाल तर नकोच.

ज्युनियर 60 हे 1946 सालचं ब्रिटिश डिझाइन. कील क्राफ्ट कंपनीसाठी आल्बर्ट हॅटफुल यांनी काढलेलं. 60 म्हणजे पंखांची लांबी, इंचात. मुळात हे विमान सोडून द्यायचं होतं: इंजिन सुरू करा, हातातून सोडा, इंजिन बंद पडलं की तरंगत खाली येईल. रेडिओ त्यावर नंतर चढला. त्यामुळे पंखाला एलेरॉन (विमान कलतं करणाऱ्या हलत्या पट्ट्या) नाहीत. रडर (डावी-उजवीकडे वळायला), एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला) आणि थ्रॉटल (वेगाला) एवढाच कारभार. रडर दिलं की डायहेड्रलमुळे, म्हणजे पंखांची टोकं वर उचललेली असल्यामुळे, पंख स्वतःच कलतो. नवशिक्याला याहून समजूतदार विमान मिळणं अवघड. घाईच्या माणसाला मात्र ते कंटाळवाणं वाटेल, हेही खरं.

माझं किट लेझरनं कापलेलं, आपल्याकडच्याच एका छोट्या विक्रेत्याचं. रिब्ज (पंखाच्या फासळ्या) आणि फॉर्मर (धडातल्या आडव्या चौकटी) इतके चपखल बसतात की डिंक लावायच्या आधी सगळा सांगाडा कोरडाच उभा राहतो. प्लॅन पूर्ण आकाराचा, छपाई स्वच्छ. रड आहे ती पट्ट्यांची. बाल्सा बाल्सा म्हणतो आपण या हलक्या लाकडाला, पण त्याचं वजन घनमीटरला 100 किलोपासून 250 च्या पुढेही असू शकतं. माझ्या बॉक्समधली एक स्पार (पंखाच्या लांबीत जाणारी मुख्य पट्टी) पेन्सिलीसारखी कडक, तर दुसरी नखानं दबणारी. तशाच वापरल्या असत्या तर एक पंख कायम जड राहिला असता. म्हणून बॉक्स उघडला की पहिलं काम म्हणजे सगळ्या पट्ट्या डिजिटल काट्यावर ठेवून जोड्या लावणं. विक्रेत्याला फोटो पाठवल्यावर त्यानं बदली पट्टी पाठवली, पण ‘बाल्सा असाच असतो’ हे ऐकवूनच.

पैशाचं म्हणाल तर बॉक्सच्या बाहेर बॉक्सहून जास्त जातात. ब्रशलेस मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), दोन सर्व्हो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी), रिसीव्हर, तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), चार्जर. क्लेव्हिस आणि कंट्रोल हॉर्न, म्हणजे सर्व्होची तार रडर-एलिव्हेटरला जोडणारे बारीक भाग, तेसुद्धा वेगळे घ्यावे लागले. जुन्या काळी नाकात वजनदार डिझेल इंजिन असायचं. आता मोटर हलकी, त्यामुळे बॅटरी पार फायरवॉलला (मोटरमागच्या फळीला) टेकवूनच तोल जमतो. बॅटरीची खिडकी कुठे करायची हे प्लॅनमध्ये नाही. पुठ्ठ्याचं माप घेऊन स्वतःच ठरवा, आणि ते फ्युजलाज (धड) झाकायच्या आधी.

आता मुख्य गोष्ट: आवरण. शेपटी फिल्मनं केली आणि पंख रेशमानं, मुद्दाम, दोन्ही कसं टिकतं ते बघायला. रेशीम आणलं नवी पेठेतून, अगदी पातळ, बिनरंगी. मी ते पंखावर आडवं टाकून कात्री लावणार, तेवढ्यात मामा आले. मामांचं आयुष्य पूर्व भागात मागावर गेलेलं.

‘अरे थांब थांब. काठ कुठंय?’

काठ दाखवला. त्यांनी कापड काठाच्या दिशेनं ताणलं, जेमतेम हललं. मग आडवं ताणलं, थोडं जास्त दिलं. मग तिरकं धरून ओढलं, तर एकदम लांबलं. ‘ताणा पंखाच्या लांबीत घे. बाणा आडवा जाऊ दे. तिरकं लावलंस तर झोळ पडणार बघ.’ मॉडेलवाले ज्याला ग्रेन म्हणतात तो नियम अगदी हाच आहे: काठ पंखाच्या लांबीला समांतर. मी तो वाचला होता, पण बोटांना कळला तो तेव्हा.

रेशीम पाण्यात ओलं करून पंखावर पसरायचं, सुरकुत्या बोटांनी कडेला न्यायच्या आणि कडा डोप नावाच्या लॅकरनं चिकटवायच्या. वाळताना ते स्वतःच ताठ होतं. त्यावर थिनर घातलेल्या डोपचे पातळ हात. डोप म्हणजे मुळात नायट्रोसेल्युलोजचं लॅकर. त्यात एरंडेलाचे थोडे थेंब टाकले की आवरण ठिसूळ होत नाही आणि पंखाला फार ओढतही नाही. प्रत्येक हातानंतर पंख बोर्डावर टाचून वाळवायचा, टोकाच्या मागच्या कडेखाली बारीक पट्टी ठेवून, म्हणजे वॉशआउट (टोकाशी मागची कड किंचित वर असलेला पीळ) राहतो. हवेत दमटपणा असला की डोपवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्यात तेवढ्यासाठी उघडीप बघावी लागली. दिवाळीनंतरची आपली कोरडी हवा या कामाला एक नंबर. वास मात्र घरभर. आमच्याकडे त्यावरून दोनदा गच्चीवर रवानगी झाली.

मार्चअखेर फरक दिसला. फिल्म लावलेली शेपटी उन्हात सैल पडली, फुगे आले. इस्त्रीनं परत ताणली, पुढच्या दुपारी परत तेच. रेशमाचा पंख टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजतो, अजूनही. बाभळीच्या काट्यानं एकदा भोक पडलं, तर तेवढंच पडलं. फिल्म अशा वेळी फाटत जाते. वजन रेशमाचं थोडं जास्त आणि वेळ कितीतरी जास्त, पण शेपटीचंही आता रेशीमच करतोय.

मधल्या काळात एका मित्राच्या घरातलं जुनं ग्लो इंजिनवालं विमानही याच टेबलावर आलं. नाकाचं लाकूड इंधनातलं एरंडेल पिऊन काळं झालेलं. टाल्कम पावडर थापून हेअर ड्रायरनं गरम केलं की तेल वर येतं. पुसा, पुन्हा थापा. चिकाटीचं काम आहे. आतली निकेल-कॅडमियम बॅटरी आणि तिची वायरिंग मात्र सरळ काढून टाका. अशा बॅटरीची ऋण वायर आतून काळी पडत जाते, वरून धड दिसते आणि हवेत दगा देते.

उडवायची जागा हा सोलापूरकराचा खरा प्रश्न. विमानतळ होटगी रस्त्याला, म्हणजे शहराला लागूनच. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार चालू विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही, 8 ते 12 च्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) क्षेत्रात 400 फुटांपर्यंत चालतं. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघूनच माळ ठरवा. नान्नजकडचं रान कितीही मोकळं दिसलं तरी तिकडे माळढोकाचं अभयारण्य आहे, तो विचार सोडून द्या.

आणि वेळ सकाळचीच. आषाढातल्या वाऱ्यात हे विमान समोर तोंड करून मागे सरकतं, आणि एप्रिलच्या दुपारी वावटळीचा भरवसा नाही. पंख रबरबँडनं बांधलेला असतो, ती रबरं आपल्या उन्हात लवकर तडकतात. प्रत्येक वेळी ताणून बघा, शंका आली की फेका. लायपो उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका. पूर्ण चार्ज करूनही ठेवू नका, सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवून घरातल्या थंड कोपऱ्यात. पंख गच्चीच्या पत्र्याखाली लटकवू नका, भिंतीला आडवा टांगा.