यादी पाठ करावी की शब्दकोश उघडावा?

फोंड्याच्या भाचीपुढे बारावीची परीक्षा आहे, आणि पुढे हॉटेलातल्या नोकरीची मुलाखतही. इंग्रजी विशेषणानंतर कोणतं प्रिपोझिशन येतं हे यादी घोकून शिकावं की वाचता वाचता शब्दकोश बघून, यावर तिचं अडलंय.

खर्चाचं सोडाच. यादी व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मिळते, ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा शब्दकोश ऑनलाइन फुकट बघता येतो.

वेळेत यादी जिंकते. ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड ॲट’, ‘सीनियर टू’ अशा ठरलेल्या जोड्या पटकन तोंडपाठ होतात आणि रिकाम्या जागा भरायला तेवढं पुरतं.

खरा फरक पडतो तो एकाच विशेषणाला दोन-तीन वाटा फुटतात तिथे. माणसावर रागावलो तर ‘अँग्री विथ’, एखाद्या गोष्टीवरून रागावलो तर ‘अँग्री अबाउट’. ‘डिफरंट फ्रॉम’ सगळीकडे चालतं. ‘डिफरंट टू’ ब्रिटिश बोलतात, ‘डिफरंट दॅन’ जास्त करून अमेरिकन. याद्या बहुधा यातलं एकच देऊन मोकळ्या होतात. शब्दकोशात आख्खं वाक्य असतं, म्हणून ‘इंटरेस्टेड इन’पुढे ‘लर्न’ नव्हे, ‘लर्निंग’ येतं हेही कळतं. ‘मॅरिड विथ’ ही तर आपली खास मराठी खोड. ‘मॅरिड टू’ची वाक्यं चार वेळा वाचली की ती सुटते. मेहनत मात्र आहे, वही घालावी लागते आणि बहुतेकांचा कंटाळा तिथेच सुरू होतो.

परीक्षा तोंडावर असेल तर यादी. कळंगुटच्या रिसेप्शनवर उभं राहून पाहुण्यांशी बोलायचं असेल तर शब्दकोश, वहीसकट.