करवंद व्होडकात, चेरी ब्रँडीत, हापूस ताटातच

मे महिन्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, आंबे रममध्ये घालून ठेवले तर दिवाळीपर्यंत टिकतील ना?" भाचा २७ वर्षांचा आहे. महाराष्ट्रात बिअर-वाईनला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात, तेव्हा कायद्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो त्याच्या हातातल्या हाफचा, म्हणजे ३७५ मिलीच्या बाटलीचा. एक हाफ रम, किलोभर हापूसच्या फोडी आणि वर पावशेर साखर.

हाच उद्योग मी काही वर्षांपूर्वी केला होता, अगदी याच मापात. बरणी माळ्यावर ठेवली, कारण अंधार तिथेच. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात पावाच्या भट्टीसारखा वास यायला लागला. सहाव्या दिवशी झाकणाच्या कडेने फेस उतरून खालच्या खोक्यावर ठिबकत होता, आणि त्या खोक्यात गौरींचं सामान होतं. मुखवटे पितळी म्हणून धुऊन निघाले. साड्यांचं काय झालं ते सांगत नाही.

चूक आंब्याची नव्हती, गणिताची होती. भाच्याला जे फोनवर सांगितलं तेच इथे जरा नीट मांडते, कारण रम, ब्रँडी की व्होडका हे ठरवण्याआधी हे गणित डोक्यात बसायला हवं.

आपल्याकडच्या बहुतेक रम, ब्रँडी, व्होडकाच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. फळात मात्र ८० ते ९० टक्के पाणीच असतं, आणि मुरताना ते पाणी दारूत उतरतं. माझ्या बरणीत ३७५ मिली रम, म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण १६० मिली. किलोभर आंब्यातलं पाणी ८३० मिलीच्या आसपास. पावशेर साखर विरघळून आणखी दीडशे मिली जागा घेते. सगळं एकजीव झाल्यावर जेमतेम १२ टक्के उरले. एवढ्यात फळ आंबवणारं यीस्ट मजेत जगतं. ते साधारण १५-१६ टक्क्यांनंतर थकतं, आणि २० च्या वर राहिलं तर बरणीत काही आंबत नाही. जपानमध्ये घरोघरी उमे नावाच्या हिरव्या, आंबट फळांची अशी दारू मुरवतात. तिथल्या मद्यकराच्या कायद्यातही मूळ दारू २० टक्क्यांहून कमी चालत नाही.

म्हणून माझं माप ठरलेलं आहे: एक खंबा (७५० मिली), अर्धा किलो फळ, दीडशे ग्रॅम साखर. शेवटी २५ टक्क्यांच्या आसपास राहतं. साखर थोडी वाढवली तरी चालेल, फळ वाढवू नका. इंटरनेटवर जर्मन 'रुमटॉफ'ची कृती सापडते. हंगामात येईल ते फळ, त्याच्या निम्मी साखर आणि वर बुडेल एवढी रम, असे थर उन्हाळाभर चढवत जायचे आणि नाताळच्या सुमाराला उघडायचं. ती कृती खोटी नाही, पण तिकडे त्यासाठी ५४ टक्क्यांची रम वापरतात. आपली ४२.८ ची 'बुडेल एवढी' ओतून भागत नाही.

वाईनचा विचार इथेच सोडून द्या. साडेबारा टक्क्यांची वाईन याच मापात घेतली तर शेवटी साडेसात टक्के उरतात. संध्याकाळी फळं घालून रात्री संपवायची असेल तर उत्तम, मुरवायला नाही. हातभट्टीचं तर नावच काढू नका. त्यात मेथॅनॉल असू शकतं आणि त्याने माणसं आंधळी होतात, मरतात.

आता रम. सगळ्यांना आधी तीच सुचते, कारण ती त्यातल्या त्यात स्वस्त. (२०२५ मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवल्यापासून 'स्वस्त' हा शब्द जपूनच वापरावा लागतो.) डार्क रम उसाच्या मळीची. तिला जळक्या साखरेचा, व्हॅनिलाचा स्वतःचा दणकट वास असतो. नाजूक फळ त्याखाली दबून जातं. स्ट्रॉबेरी रममध्ये घातली की महिन्याने ना स्ट्रॉबेरी उरते ना रंग. फिक्कट, लिबलिबीत गोळे तेवढे उरतात. रमला जोडीला तसंच दणकट काही लागतं: खजूर, मनुका, सुकं अंजीर. पुण्याच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या केकसाठी सुका मेवा रममध्येच भिजतो तो उगीच नाही. सुक्या मेव्यात पाणी कमी, म्हणून वरच्या गणिताचीही कटकट नाही. ताजं पुरंदरचं अंजीर घालायचं असेल तर देठासकट अख्खं, जरा कडक असतानाच घाला. सोबत दालचिनीचा एक तुकडा. तीन आठवड्यांत ते आतून मुरंब्यासारखं होतं आणि व्हॅनिला आइस्क्रीमवर फार छान लागतं. पिकलेलं, टचकन फुटणारं अंजीर मात्र दोन दिवसांत लगदा होऊन तळाशी साका धरतं.

ब्रँडी मधली. द्राक्षाचा अंश असल्यामुळे फळाशी तिचं जमतं, पण लेबल वाचून घ्या. आपल्याकडच्या स्वस्त ब्रँडीत पुष्कळदा मळीचं स्पिरिटच जास्त आणि द्राक्ष नावापुरतं असतं. मग रमच घेतलेली बरी. चांगली ब्रँडी असेल तर तिच्यात एकच गोष्ट करा: मे-जूनमध्ये काश्मीर-हिमाचलहून मार्केट यार्डात येणारी चेरी. देठ कात्रीने अर्धा कापायचा, पूर्ण उपटायचा नाही, नाहीतर तिथून फळ फाटतं. बी आत राहू द्यावी, तिचा हलकासा बदामी वास उतरतो. पण बी फोडायची नाही. चेरी, जर्दाळू, अलुबुखार यांच्या बियांच्या गरात असं द्रव्य असतं की त्यापासून सायनाइड तयार होतं. अख्ख्या बीने त्रास होत नाही, ठेचलेल्या मूठभर बियांनी होऊ शकतो. दोन महिन्यांनी चेरी सुरकुतते, रंग गडद होतो. दिसायला देखणी नाही, चवीला अव्वल.

आणि व्होडका. माझं मत सरळ सांगते: पुण्याच्या उन्हाळ्यात दारूत मुरवण्याच्या लायकीचं जे फळ आहे ते करवंद आणि जांभूळ, आणि दोघांनाही व्होडका लागते. व्होडकाला स्वतःचं काही म्हणणं नसतं. फळाचा आंबटपणा, तुरटपणा, रंग जसाच्या तसा उतरतो. हापूस आधीच परिपूर्ण आहे, त्यात दारू काही भर घालत नाही. करवंद मात्र झाडावरचं अर्धवट काम घेऊन आलेलं असतं, ते बरणीत पुरं होतं.

करवंदं मी एप्रिलच्या शेवटी सिंहगडाच्या वाटेवर द्रोणांत मिळतात ती आणते. सगळी काळी नकोत. चारातलं एक तरी तांबूस, कडक असावं, आंबटपणासाठी. देठ काढताना पांढरा चीक येतो आणि बोटांना बसतो. आधी हाताला तेल चोळा आणि फळं अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा. मग धुऊन पंचावर पसरून पार कोरडी करायची. पंख्याखाली दोन-तीन तास लागतात आणि ते वाचवायचे नाहीत. प्रत्येक करवंदाला दाभणाने दोन टोचे. कंटाळवाणं काम आहे, पण टोचे न मारलेलं करवंद महिनाभर तसंच हट्टी बसून राहतं. साखर दळलेली नको, खडीसाखर घ्या. ती सावकाश विरघळते, म्हणून फळ एकदम आक्रसत नाही. जपानी लोक उमेसोबत हीच वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणी उजेडासमोर धरली की टोच्यांतून गुलाबी धागे निघून तळाकडे उतरताना दिसतात. हे बघायला मी घरातल्या सगळ्यांना हाक मारते आणि कोणी येत नाही. दोन महिन्यांत रंग दाट माणकासारखा होतो.

जांभळाचं वेगळं. ते जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आगेमागे. तीन आठवड्यांत गाळून घ्यायचं, कारण बीचा तुरटपणा पुढे इतका चढतो की जीभ टाळूला चिकटते. फळं टाकून द्या, दारू ठेवा. चेरी-अंजिराचं नेमकं उलट, तिथे फळ हाच खरा माल. कशासाठी घालताय ते आधी ठरवायचं ते यासाठी. खायला फळ हवं असेल तर ब्रँडी-रम आणि टणक फळ. प्यायला रंग-वास हवा असेल तर व्होडका आणि आंबट फळ. कैरीच्या फोडी आणि एक चिरलेली हिरवी मिरची व्होडकात चार दिवस ठेवली तर झकास होते, पण ती चार दिवसांचीच पाहुणी. मिरची मात्र दुसऱ्याच दिवशी काढायची, चार दिवस फक्त फोडींचे.

लोणच्याचा हात असलेल्यांची एक गफलत हमखास होते, ती बरणीची. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला आपण दादरा बांधतो. इथे दादरा बांधला तर अल्कोहोल उडून जाईल आणि खाली फळांचं आंबोण उरेल. काचेची, रबराची रिंग असलेली, घट्ट झाकणाची बरणीच हवी. जुन्या चिनी मातीच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट फळ व दारू दोन्ही ते बाहेर काढतात. साखर विरघळली की फळं पुष्कळदा वर तरंगतात. वर उघडं पडलेलं फळ काळं पडतं, म्हणून वर एखादी छोटी काचेची वाटी पालथी दाबून ठेवा. फ्रीज लागत नाही, अंधार लागतो. माळ्यावर ठेवायचीच असेल तर खाली परात ठेवा. का, ते वर आलंच आहे.

घरात लहान मुलं असतील, कोणी गरोदर असेल किंवा दारू चालत नसलेली औषधं घेत असेल, तर हे सगळं सोडून मुरांबा करा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिथेही तत्त्व तेच, पाण्याला साखरेने बांधून टाकायचं. हापूस उरलाच असेल तर आटवा किंवा रस फ्रीझरमध्ये टाका. आणि मुरलेलं फळ म्हणजे 'नुसतं फळ' नव्हे. साठ ग्रॅम चेरी खाल्ल्या तर एका स्मॉल पेगएवढं अल्कोहोल पोटात जातं. मग गाडीची किल्ली घ्यायची नाही. दारू पिण्याचा परवाना काढून ठेवा, आणि कितीही छान जमलं तरी कोणाला विकू नका, तो गुन्हा आहे.

भाच्याने शेवटी हापूस खाऊन टाकले, हाफचा खंबा केला आणि मार्केट यार्डातून अर्धा किलो सुकं अंजीर आणलं. रम त्याच्याकडे आधीच होती, त्यामुळे त्याच्यासाठी तेच बरोबर. नव्याने सुरू करणाऱ्याला मी व्होडका आणि करवंदच सांगेन.

बरणीवर चिठ्ठी लावा: फळ, दारू, वजन, तारीख. मी एका वर्षी आळसाने नुसतंच 'जांभूळ' लिहिलं होतं. सासऱ्यांनी ते मधुमेहाचं औषध समजून आठवडाभर रोज रात्री दोन मोठे चमचे घेतलं. साखरेत फरक पडला नाही, पण झोप फार शांत लागते म्हणाले, आणि वैद्यांचं नाव विचारलं.