जुनी मेक्सिकन स्ट्रॅट, वरून नवा निळा रंग

वाद्य: फेंडर स्टँडर्ड स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार, मेक्सिकोत बनलेली, सेकंडहँड. सीरियल 'एमएक्स१२'ने सुरू होतो, म्हणजे नेक (तारांखालची लांब दांडी) २०१२च्या सुमाराची. बडोद्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात मागितलेली किंमत ४२,००० रुपये. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ओरिजिनल फिनिश'.

ही गिटार वाजायला चांगली आहे आणि तिचा रंग कारखान्याचा नाही. किंमत मात्र फक्त पहिली गोष्ट धरून लावलेली आहे.

बडोद्यातली जुनी इलेक्ट्रिक गिटार गरब्याच्या ऑर्केस्ट्रात नऊ-नऊ रात्री घामात भिजलेली असू शकते, हे धरूनच चालावं. कोपराखालचा रंग जाणं ओघानंच आलं. तेव्हा कुणी नवा रंग मारून घेतला तर त्यात वावगं काही नाही. विकताना ते सांगितलं पाहिजे, एवढंच.

हातभर अंतरावरून काम सफाईदार दिसतं. फिकट निळा, चकाकी एकसारखी, ओघळ कुठेही नाही. पण काही न उघडताही तीन ठिकाणी संशय येतो. ट्रेमोलो ब्रिजच्या (तारांचं बॉडीकडचं टोक धरणारी, दांडीने हलणारी प्लेट) सहा स्क्रूंभोवती रंगाला बारीक गोल तडे आहेत: भोकांत रंग साचला आणि स्क्रू परत पिळताना तो फुटला. पट्ट्याच्या बटणाखालची फेल्टची चकती रंगात रुतून बसली आहे, म्हणजे रंग पुरता वाळायच्या आत बटण घट्ट केलं. आणि मागच्या पोटाकडच्या खोलगट उताराची कड, जी कारखान्याच्या बॉडीवर बोटाला स्पष्ट लागते, ती इथे बोथट झाली आहे. रंगाआधी पॉलिश पेपर हाताने फिरवला, खाली सपाट ठोकळा धरला नाही, की असंच होतं.

सीरियल नंबरावर विसंबू नये. तो नेकवर असतो, आणि नेक चार स्क्रूंनी सुटते. बॉडी त्याच गिटारची आहे याचा तो पुरावा नव्हे.

पिकगार्ड (बॉडीवरची प्लॅस्टिकची पाटी) उघडायची परवानगी दुकानदाराने लगेच दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. तारा ढिल्या करून पहिल्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) कापो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की त्या खुंट्यांवरून निसटत नाहीत. मग अकरा स्क्रू काढून पिकगार्ड अलगद उचलायचं. जॅककडे दोन वायरी जातात आणि ट्रेमोलोच्या पोकळीत अर्थिंगची एक, त्या ताणू नयेत. आत निळा रंग पोकळीच्या भिंतींवर उडालेला आहे आणि त्याखाली काळा वाहक थर. मल्टिमीटरचे दोन्ही टोक भिंतीवर टेकवले तर जोडणी दिसत नाही, थोडं खरवडून टेकवले तर दिसते. म्हणजे शिल्डिंगवरच (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारा तो काळा थर) रंग बसला आहे, आणि पिकगार्डच्या मागच्या फॉइलशी त्याचा संबंध तुटला आहे. सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारं, एकाच वेटोळ्याचं चुंबक) मुळात गुणगुणतात, पण ही गिटार जरा जास्तच गुणगुणते, त्यात याचा वाटा आहे. जॅकच्या पोकळीच्या काठावर, जिथे मास्किंग टेप नीट बसली नव्हती, तिथे निळ्याखाली तपकिरी आणि त्याच्या आत मधासारखा पिवळा दिसतो. मूळ बॉडी ब्राउन सनबर्स्ट होती.

खरी गोष्ट नेक काढल्यावर कळते. रंगारी पुढची बाजू घासूनपुसून चकचकीत करतो, पण नेक पॉकेटमध्ये (बॉडीत नेक बसते ती खाच) काय करावं हे त्याला क्वचितच ठाऊक असतं. इथे पॉकेटच्या तळाचा बराचसा भाग टेपने झाकला होता, पण बाहेरच्या ओठाशी, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला, टेपच्या कडेवर रंगाची वळी जमली आहे. कॅलिपरने ती साधारण ०.३ मिमी भरली. ऐकायला काहीच नाही. पण पॉकेटचा तळ सुमारे ७६ मिमी लांब, आणि नेकच्या बॉडीकडच्या टोकापासून सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) साधारण १९० मिमीवर. ओठाशी नेक ०.३ मिमी उचलली गेली की तीच तिरकस सॅडलपाशी पाऊण मिमीच्या जवळ पोचते. परिणाम समोर दिसतो: सॅडलचे स्क्रू जवळजवळ तळाला टेकले आहेत, तरी सतराव्या फ्रेटवर जाड ई तार २.२ मिमीवर. फेंडरच्या सेटअपचा आकडा १.६ मिमी आहे. दुकानात याला 'नेक वाकली' असं सांगतात आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पिळतात. नेक इथे सरळ आहे, रॉडला हात लावायचं कारण नाही.

पॉकेटच्या भिंतींवरही रंग आहे. नेक काढताना ती हलवून ओढावी लागली, आणि वरच्या कोपऱ्यात रंगाला केसासारखी चीर आहे. लाकूड शाबूत आहे, चीर रंगातच थांबते.

रंग कोणता, यासाठी पिकगार्डखाली झाकल्या जाणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दहा सेकंद टेकवला. निळा चिकट झाला आणि बोळ्याला लागला. खालचा सनबर्स्ट जसाच्या तसा. म्हणजे वर बहुधा सुताराच्या भाषेतला एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर), ज्याला बरेच रंगारी अजूनही ड्यूको म्हणतात, आणि खाली कारखान्याचा पॉलिएस्टर. हे जोडकाम टिकाऊ नसतं. पॉलिएस्टर काचेसारखा गुळगुळीत. तो ३२० किंवा ४०० नंबरच्या पेपरने पुरता मॅट केला नाही तर वरचा थर नुसता चिकटून बसतो, धरत नाही. इथे पट्ट्याच्या बटणाजवळ नखाने पापुद्रा सुटतो. नोटा तपासायचा यूव्ही दिवा अशा वेळी डागडुजीचे ठिपके दाखवतो, पण सगळी बॉडी नव्याने रंगवली असली तर सगळीच सारखी दिसते आणि दिवा काही बोलत नाही. जुन्या गाड्यांचे व्यापारी वापरतात ते रंगाची जाडी मोजायचं मीटर तर इथे आणूच नये. ते पत्र्यावर चालतं, लाकडावर नाही.

आवाजाबद्दल: जाड रंगाने गिटार 'गुदमरते' असं म्हणणारे भेटतील. प्लग लावून वाजवताना तसं काही जाणवत नाही. पिकअप आणि सेटअप यांनी पडणारा फरक त्याहून कितीतरी मोठा.

दुरुस्ती घरी होण्यासारखी आहे. पॉकेटमधली वळी धारदार पटाशी उभी धरून, लाकडाला न लागता, खरवडून काढायची. शेवटी सपाट ठोकळ्याला ४०० नंबरचा पेपर लावून दोन-चार हात. भिंतींवर फक्त साचलेला रंग काढायचा, पॉकेट सैल होता कामा नये. नेकचे स्क्रू बॉडीच्या भोकांतून बोटाने ढकलून आरपार गेले पाहिजेत. भोकात रंग साचून स्क्रू बॉडीतच पकडत असेल तर नेक कधीच घट्ट ओढली जात नाही. रंग खरवडून भोक मोकळं करावं. स्क्रू बसवताना समोरासमोरचे आळीपाळीने. मग सॅडल वर-खाली करून तार १.६ मिमीवर आणायची. ब्रिजच्या सहा भोकांच्या काठावरचा उचललेला रंगही काढावा, नाहीतर प्लेट सपाट बसत नाही आणि ट्रेमोलो दाबून सोडल्यावर सूर जागेवर परत येत नाही.

किंमत: वाजवायची गिटार म्हणून ३०,००० ते ३२,००० ठीक. ४२,००० मूळ रंगाच्या गिटारचे. घेतलीच तर बिलावर 'रंग नंतरचा' असं लिहून घ्यावं, पुढे विकताना उपयोगी पडतं. आणि स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळावं: रबरातलं तेल एनसीला मऊ करतं आणि महिन्याभरात बॉडीवर दोन काळे ओठ उमटतात. सॅनिटायझर लावलेल्या हाताने तर तिला उचलूच नये.