विजया ऑइल म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल आठ महिने घेतलं, इंदूरहून अनुभव लिहितेय

आधी हे सांगून टाकते की मला अँग्झायटी आहे, दोन वर्षांपासून एस्सिटालोप्राम १० मिग्रॅ चालू आहे आणि तेल आल्यावरही ती गोळी मी बंद केलेली नाही. दिवस ठीक जायचा, त्रास सगळा रात्रीचा. तीन वाजता खाडकन जाग, छातीत धडधड, तळहात ओले, आणि मग पोराची फी, सासूबाईंची शुगर, गॅस बंद केला की नाही, तेच तेच डोक्यात फिरत राहायचं. सुदामा नगरात आमच्या गल्लीत दूधवाला यायचा तोवर मी टक्क जागी.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, भांगेच्या झाडाचं तेल मिळून राहिलंय आता, झोपेसाठी घेतात लोक." नवरा म्हणे पोलीस येतील घरी. सासूबाई मात्र शांत, महाशिवरात्रीला ठंडाईत घोटतातच की, म्हणाल्या. कायदा मी वाचला. १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा चरस आणि गांजा (म्हणजे झाडाचा फुलोरा) यांना धरतो, नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांचा अर्क 'विजया' नावाने आयुर्वेदिक औषध म्हणून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतो.

पहिली बाटली घेताना मी फार घाई केली. ऑनलाइन फॉर्म भरला, दोन मिनिटांचा फोन आला, कुठल्या गोळ्या चालू आहेत हेसुद्धा कुणी विचारलं नाही आणि चिठ्ठी तयार! ३० मिलीची बाटली, वर लिहिलेलं विजया एक्स्ट्रॅक्ट १५०० मिग्रॅ. मला वाटलं १५०० मिग्रॅ सीबीडी, म्हणजे भांगेतला नशा न आणणारा घटक. तसं नसतं. तो आकडा अख्ख्या अर्काचा, त्यात सीबीडी किती आणि नशा आणणारं टीएचसी किती हे बॅचच्या लॅब रिपोर्टमध्येच कळतं आणि त्या बाटलीचा रिपोर्ट मागूनही आला नाही. एक मिली घेतलं. तोंड कोरडं पडलं, खोली फिरायला लागली, धडधड कमी व्हायची ती दुप्पट झाली, मी नवऱ्याचा हात धरून पहाटेपर्यंत बसून होते. इतकी वाईट रात्र अँग्झायटीनेही कधी दिली नव्हती. टीएचसी जास्त झालं की घबराट वाढते हे मला नंतर समजलं.

मग बाटली घेऊन माझ्या सायकियाट्रिस्टकडे गेले. रागावतील वाटलं होतं पण त्यांनी आधी विचारलं, घरात कुणाला भास व्हायचे का, आवाज ऐकू यायचे का? माझा ग्वाल्हेरचा मामेभाऊ आठवला. कॉलेजात रोज गांजा ओढायचा, बाविसाव्या वर्षी शेजारी आपल्याबद्दल बोलतात असं म्हणू लागला, मामीने काय काय सोसलं ते आम्ही पाहिलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना मुळात धोका असतो त्यांना टीएचसी सायकोसिसकडे, म्हणजे भास-भ्रमाच्या आजाराकडे ढकलू शकतं, तुम्ही त्याच्या वाटेला जायचं नाही. आणि गंमत बघा, त्याच झाडातलं सीबीडी उलट दिशेने तपासून राहिलेत लोक. २०१२ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या ट्रायलमध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटना ८०० मिग्रॅपर्यंत सीबीडी दिलं, अमिसल्प्राइड या नेहमीच्या औषधाइतकाच फरक दिसला, साइड इफेक्ट कमी, आणि ज्यांच्या रक्तात आनंदामाइड वाढलं त्यांना जास्त बरं वाटलं. आनंदामाइड म्हणजे आपल्याच शरीरात बनणारा भांगेतल्या घटकांसारखा पदार्थ, १९९२ मध्ये जेरुसलेमला रफाएल मेशुलम यांच्या लॅबमध्ये सापडला, नाव संस्कृत 'आनंद' वरून ठेवलं. हे वाचून मला का कोण जाणे खूप छान वाटलं होतं.

डॉक्टरांनी दुसरं तेल ठरवलं, रिपोर्टसकट. बाटलीत सीबीडी साधारण ९०० मिग्रॅ, टीएचसी नावापुरतं. किंमत साडेतीन हजार. रोज रात्री अर्धा मिली म्हणजे १५ मिग्रॅ, बाटली दोन महिने पुरते. जेवणानंतरच घ्यायचं, तूप-तेल पोटात असलं की सीबीडी जवळपास चौपट शोषलं जातं. उपाशीपोटी आणि जेवून असा फरक मला स्वतःला स्पष्ट जाणवला.

पहिले तीन आठवडे काहीच नाही. महिन्याभराने तीनची जाग आठवड्यात सहा वेळाऐवजी तीन-चारदा, आणि जाग आली तरी धडधड हलकी, हा फरक खरा होता, मी कॅलेंडरवर खुणा करत होते. तिसऱ्या महिन्यात माझ्या मनाने एक मिलीवर गेले आणि दिवसा पेंग, घाम, पोट बिघडलं. सीबीडी आणि एस्सिटालोप्राम लिव्हरमध्ये एकाच एन्झाइमवर अवलंबून असतात, त्यामुळे गोळीची रक्तातली पातळी वाढू शकते. परत अर्ध्यावर आणलं, एसजीपीटी ही लिव्हरची तपासणी केली, नॉर्मल आलं. तुमची दुसरी कुठलीही गोळी चालू असेल तर कृपा करून डॉक्टरला न सांगता हे घेऊ नका.

एक गोष्ट मनात टोचत राहते. ब्राझीलमध्ये २०११ मध्ये लोकांसमोर बोलायची भीती असलेल्या २४ जणांपैकी निम्म्यांना भाषणाआधी एकदम ६०० मिग्रॅ सीबीडी दिलं होतं, त्यांची घबराट कमी झाली. माझ्या हिशोबाने ते २० मिली होतं, म्हणजे दोन तृतीयांश बाटली एका वेळी! मी घेते त्याच्या चाळीसपट. मग माझ्या १५ मिग्रॅने नक्की काय केलं? २०१९ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय मासिकात भांगेतल्या अशा घटकांवरचे ८३ अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही डिप्रेशन-अँग्झायटीसाठी पुरावा कमीच निघाला होता. मिरगीच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी मात्र २०१८ मध्येच अमेरिकेत सीबीडीचं औषध मंजूर झालंय, म्हणजे ताकद आहे, पण मेहनतीने सिद्ध केली तिथेच. दुकानदार त्या मंजुरीचं नाव घेऊन झोपेपासून डिप्रेशनपर्यंत सगळ्यावर विकतात तेव्हा मला मनापासून राग येतो.

आणि त्याच काळात मी संध्याकाळी चालायला लागले होते, थेरपीही महिन्यातून दोनदा चालू होती. श्रेय कुणाचं हे कळावं म्हणून डॉक्टरांशी बोलून चौथी बाटली संपल्यावर महिनाभर थांबायचं ठरवलंय, गोळी तशीच ठेवून. आज नववा दिवस. तीनदा जाग आली, त्यातली एक रात्र जड गेली, बाकी दोनदा पाणी पिऊन परत झोपले. कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय, सासूबाईच खूण करतात आता.