भट्टीच्या अस्तरासाठी वीट निवडताना: फायरक्ले, हाय अॅल्युमिना, सिलिका की मॅग्नेशिया?

‘वीट किती तापमान सोसते?’ हा प्रश्न बहुतेक जण आधी विचारतात. मी आधी विचारतो, स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारी मळी) कसला आहे? चुना जास्त असलेला स्लॅग आम्लधर्मी विटेला (सिलिका, फायरक्ले) खातो, सिलिका जास्त असलेला अल्कधर्मी विटेला (मॅग्नेशिया). इथे चूक झाली तर महागातली वीटही टिकत नाही.

फायरक्ले म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या विटेत साधारण 25 ते 45 टक्के अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) असतो. ती स्वस्त, रचायला सोपी आणि तापमानातले चढउतार बऱ्यापैकी सोसणारी. पण पत्रकावरच्या आकड्याने फसू नका. तिचा मऊ पडण्याचा बिंदू 1700 अंशांच्या आसपास दाखवलेला असतो, तो भार नसताना मोजलेला. वर विटांचे वजन असले की ती 1300–1400 अंशांतच दबू लागते. म्हणून भाराखालच्या तापमानाचा आकडा मागून घ्या. बाहेरच्या थराला किंवा धुराड्याच्या मार्गाला मी ती बिनधास्त वापरेन, वितळलेल्या धातूला टेकणाऱ्या थरात नाही.

हाय अॅल्युमिना ही तिची थोरली बहीण. अॅल्युमिना वाढेल तशी ताकद वाढते, किंमतही. स्लॅग धड आम्लधर्मी नाही, धड अल्कधर्मी नाही, अशा ठिकाणी हिच्यापासून सुरुवात करावी.

सिलिकाची गंमत वेगळी. भाराखाली ती जवळजवळ वितळेपर्यंत ताठ उभी राहते, म्हणून उंच तापमानाच्या कमानींना शोभते. पण 600 अंशांच्या खाली तिची स्फटिकरचना बदलते, आकारमान एकदम वाढते किंवा घटते आणि वीट तडकते. ती हळूहळू तापवावी लागते आणि नंतर थंड होऊ द्यायची नसते. तुमची भट्टी दर आठवड्याला बंद होत असेल तर सिलिका घेऊच नका.

पोलाद आणि चुनायुक्त स्लॅग असेल तर आधी मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइडची वीट) बघावी. शुद्ध मॅग्नेशिया 2800 अंशांपर्यंत वितळत नाही, मात्र ती तापल्यावर खूप फुगते आणि झटक्याने तापली-निवली की तिचे पापुद्रे सुटतात. त्यावरचा उपाय म्हणजे मॅग्नेशिया-कार्बन. ग्रॅफाइटला स्लॅग चिकटत नाही आणि तडेही कमी जातात. लॅडलच्या (वितळलेले पोलाद धरणाऱ्या पात्राच्या) स्लॅगरेषेवर, म्हणजे जिथे स्लॅग भिंतीला टेकतो तिथे, माझी पसंती हिलाच. उणिवा दोन: हवा लागली की कार्बन जळून वीट भुसभुशीत होते, आणि उष्णता चांगली वाहून नेत असल्याने बाहेरचा पत्रा जास्त तापतो. म्हणून मागे उष्णता अडवणारा थर हवाच. मॅग-क्रोम (मॅग्नेशिया आणि क्रोम यांची वीट) तांब्याच्या भट्ट्यांत उत्तम चालते, पण वापरानंतर तिच्यात विषारी सहासंयुजी क्रोमियम तयार झालेले असू शकते. विल्हेवाटीचा खर्च आधीच धरा.

नमुना आला की तो फोडून बघा. दाणे सारखे पसरलेत का, मधे काळा गाभा राहिलाय का? दोन विटा एकमेकींवर ठोका. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज म्हणजे आत तडा असण्याचा संशय. सच्छिद्रता (विटेतल्या पोकळ्यांचे प्रमाण) मोजताना फायरक्ले पाण्यात बुडवली तर चालते, मॅग्नेशियाला मात्र रॉकेल वापरावे, कारण पाणी लागले की तिचे हायड्रॉक्साइड होते. गोदामात ओल लागलेली मॅग्नेशिया वीट मी हाताने चुरून पाहिली आहे. कडेची भुकटी बोटांना लागते.

सर्वांत चांगला पुरावा जुन्या अस्तरात मिळतो. काढलेली वीट आडवी कापा. तापलेल्या तोंडापासून स्लॅग किती खोल मुरलाय ते रंगावरून दिसते. फक्त सांधे खाल्ले असतील, तर वीट बदलण्याआधी मॉर्टार (सांध्यात भरलेला मसाला) आणि सांध्याची जाडी तपासा.